कुंपणच शेत खातं तेव्हा

आमच्या इमारतीतल्या काकांची इलेक्ट्रिक सायकल पावसाळा संपल्यावर विचित्र वागायला लागली. सपाट रस्त्यावर ठीक, पण पुण्यातली भुसारी कॉलनी ओलांडून चांदणी चौकाचा चढ लागला की मध्येच बंद. डिस्प्ले विझायचा, मोटर गप्प. पाच मिनिटं थांबून किल्ली फिरवली की पुन्हा सुरू, आणि थोडं पुढे गेलं की पुन्हा तेच. पूर्वी एका चार्जिंगमध्ये ३५ किलोमीटर जाणारी सायकल आता १८ वर दम टाकत होती. गॅरेजमधल्या मुलाने बॅटरी काढली, पिना बघितल्या आणि निदान सांगितलं, “काका, बीएमएस गेलाय. नवा टाका, नाहीतर मी डायरेक्ट करून देतो, खर्च काहीच नाही.” ‘खर्च काहीच नाही’ हे ऐकून काकांना शंका आली आणि ते बॅटरी घेऊन माझ्याकडे आले. ती शंका आली हे फार बरं झालं.

बीएमएस म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम. बॅटरीच्या डब्यात सेलच्या बाजूला चिकटवलेली, जेमतेम तळहाताएवढी सर्किटची पट्टी. ती नेमकं काय राखते हे कळायला आधी सेलकडे बघावं लागतं. काकांच्या बॅटरीत ५२ सेल आहेत. प्रत्येक सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर उंच, त्यावरून त्याचं नाव १८६५०. चार-चार सेल पॅरलल जोडून एक गट केलेला, आणि असे १३ गट एकापुढे एक सिरीजमध्ये. मेकॅनिक याला १३ एस ४ पी म्हणतात. एका सेलचे ३.७ व्होल्ट धरले की १३ गटांचे ४८ होतात. बॅटरीवर ‘४८ व्होल्ट’ छापलेलं असतं ते यामुळे. सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टवर जातो, म्हणजे सगळी बॅटरी ५४.६ वर. चार्जरच्या पाठीवरचा ५४.६ हा आकडा तिथून आलेला आहे.

लिथियम-आयन सेल गुणी आहे, पण त्याला अतिरेक सोसत नाही. ४.२ च्या वर कोंबत राहिलं तर आतली रसायनं बिघडतात, गरम होतात आणि शेवटी पेट घेऊ शकतात. दोन-अडीच व्होल्टच्या खाली उपसत राहिलं तर आतल्या तांब्याच्या पातळ पत्र्यातलं तांबं विरघळायला लागतं, आणि असा सेल पुन्हा चार्ज केला की तेच तांबं भलत्या जागी जमून आतल्या आत शॉर्ट घडवू शकतं. शून्यावर गेलेला सेल ‘झटका देऊन जिवंत’ करणारे लोक आहेत. असा सेल मी बॅटरीत परत कधीच घालत नाही, कारण त्याच्या पोटात काय झालंय ते बाहेरून कोणालाच दिसत नाही.

तर बीएमएसचं काम हे, की तेरापैकी एक जरी गट वर साधारण ४.२५ आणि खाली साधारण २.८ व्होल्ट ओलांडू लागला की बॅटरी तोडायची. तोडण्यासाठी त्याच्याकडे मॉस्फेट नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच असतात, त्यांतले काही चार्जिंगच्या वाटेवर आणि काही डिस्चार्जच्या. शिवाय प्रवाह अति झाला, शॉर्ट झाला, तापमान चढलं तरी तो तोडतो. म्हणून ‘बॅटरी बंद पडली, बीएमएस गेला’ हे वाक्य बऱ्याचदा उलटं असतं. बंद पाडणं हीच त्याची नोकरी आहे. त्याने ती कोणत्या कारणाने केली, हे शोधायचं असतं.

शोध डब्याच्या बाहेरून सुरू करावा. काकांच्या बाबतीत पहिला धागा डिस्प्लेने दिला. ब्रेकच्या मुठीतला कट-ऑफ स्विच अडकला किंवा मोटरची वायर सैल झाली, तर मोटर थांबते पण डिस्प्ले चालू राहतो. इथे डिस्प्लेसुद्धा विझत होता, म्हणजे वीजच तुटत होती. फ्यूज ठीक होता, कनेक्टरवर काळवंडल्याची खूण नव्हती, चार्जरच्या टोकाला ५४.५ व्होल्ट मिळत होते. आणि पाच मिनिटं विश्रांती दिल्यावर सायकल पुन्हा चालू होत होती, ही खूण सगळ्यांत बोलकी. चढावर मोटर जास्त प्रवाह ओढते, त्या ताणाखाली एखाद्या गटाचा व्होल्टेज घसरून २.८ च्या खाली जातो, बीएमएस तोडतो. भार सुटला की तोच गट सावरून तीनच्या वर येतो, आणि बीएमएस पुन्हा दार उघडतो. सैल जोडामुळे बंद पडणारी सायकल बहुधा खड्ड्यात बंद पडते, चढावर नाही.

वॉरंटी असेल तर इथेच थांबून बॅटरी विकणाऱ्याकडे न्यावी. काकांची वॉरंटी केव्हाच संपली होती, म्हणून डबा उघडला. उघडण्याआधी अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली साखळी, सगळं काढून ठेवायचं. ५० व्होल्टचा झटका कोरड्या हाताला फारसा जाणवत नाही, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. पण अंगठी दोन टोकांमध्ये सापडली तर शेकडो अँपिअर वाहतात आणि ती बोटातच लाल होते. मी लाकडी टेबलावर, खिडकीजवळ, बाजूला वाळूची बादली ठेवून काम करतो. स्क्रू-ड्रायव्हरच्या दांड्याला टोकापर्यंत टेप गुंडाळलेली असते. मल्टिमीटरची वायर अँपिअरच्या भोकात राहिलेली नाही ना, हे दर वेळी बघायचं, कारण तशीच राहिली तर मीटर म्हणजे एक जाड तारच.

पहिलं माप जाड वायरींवर. बीएमएसच्या पट्टीवर सेलकडून येणाऱ्या काळ्या वायरीपाशी ‘बी मायनस’ लिहिलेलं असतं, आणि बाहेर सायकलकडे जाणाऱ्या वायरीपाशी ‘पी मायनस’. बॅटरीचं प्लस धरून बी मायनसवर ५३ आणि पी मायनसवर शून्य किंवा पाच-सात व्होल्ट दिसले, तर डिस्चार्जचा स्विच बंद आहे. इथे एक फसवणूक असते. स्विच बंद असतानाही मीटर कधी कधी पी मायनसवर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण मॉस्फेटमधून झिरपणारा नगण्य प्रवाहसुद्धा मीटरला पुरतो. म्हणून बाहेरच्या टोकांना एखादा छोटा भार लावून माप घ्यावं. व्होल्टेज टिकला तर दार उघडं आहे, कोसळला तर बंद. काकांच्या बॅटरीचं दार उघडं होतं.

मग बारीक वायरींचा पांढरा प्लग. प्रत्येक गटाच्या सांध्यावरून एकेक वायर बीएमएसकडे येते. तेरा गटांना शून्याची धरून चौदा. या वायरींमधूनच बीएमएसला प्रत्येक गट वेगळा दिसतो. मी चार्जरचा हिरवा दिवा लागल्यावर लगेच, प्लग जागेवर असतानाच, मागच्या बाजूने मीटरची टोकं लावून एकेक गट मोजला आणि डब्यावर चिकटवलेल्या कागदी टेपवर आकडे लिहिले. बारा गट ४.२३ व्होल्ट. नववा गट ३.८४.

आता बेरीज करा. ४.२३ गुणिले १२ म्हणजे ५०.७६, अधिक ३.८४, बरोबर ५४.६०. चार्जरला बेरीज दिसते, बाकी काही दिसत नाही. त्याच्या हिशेबाने बॅटरी काठोकाठ भरली होती, म्हणून हिरवा दिवा. प्रत्यक्षात बारा गट मर्यादेच्या थोडे वर चढले होते आणि नववा जेमतेम ६० टक्के भरला होता. आणि रस्त्यावर तेरा गट मिळून जातात तितकंच अंतर, जितकं त्यातला सर्वांत रिकामा गट जाऊ देईल. ३५ चे १८ किलोमीटर का झाले याचा उलगडा या एका आकड्यात होता.

एखादा गट मागे पडतो त्याची कारणं दोन प्रकारची असतात, आणि ती वेगळी ओळखता येतात. सेल जोडणारी निकेलची पट्टी तुटून चारातला एक सेल बाहेर पडला असेल, तर त्या गटाची टाकीच लहान होते, १०.४ अँपिअर-तासांऐवजी ७.८. लहान टाकी लवकर भरते आणि लवकर रिकामी होते, म्हणून असा गट पूर्ण चार्जला सगळ्यांच्या वर आणि रिकामा होताना सगळ्यांच्या खाली दिसतो. आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांनी स्पॉट वेल्डिंग सुटणं काही दुर्मीळ नाही, त्यामुळे मी हे आधी तपासतो. पण काकांचा नववा गट भरल्यावरही खाली होता आणि सायकल दमवून मोजला तेव्हाही खालीच. म्हणजे टाकी पूर्ण होती, तिला गळती होती.

गळती कुठे? सेलच्या पोटात की बीएमएसमध्ये? हा प्रश्न लोक सोडून देतात आणि अंदाजाने काहीतरी बदलतात. बीएमएसकडे गट समान ठेवण्याची एक साधी युक्ती असते. जो गट आधी भरतो त्याच्यावर तो एक छोटा रेझिस्टर जोडतो आणि जास्तीची वीज उष्णता म्हणून जाळून टाकतो, साधारण ५० मिलिअँपिअरच्या वेगाने. म्हणजे प्रत्येक गटातून वीज सांडण्याची एक वाट बीएमएसने स्वतःच बांधून ठेवलेली असते. ती वाट नको तेव्हा उघडी राहिली, तर राखण करणाराच त्या गटाला रोज थोडं थोडं रिकामं करत राहतो.

हे तपासायला दोनदा आठ दिवसांचा धीर लागतो, खास उपकरण काही लागत नाही. मी व्होल्टेज आणि प्रवाह ठरवून देता येणाऱ्या बेंच सप्लायवर ४.१५ व्होल्ट लावून, प्रवाह एका अँपिअरवर बांधून, फक्त नववा गट हळूहळू भरला. त्या वेळी पांढरा प्लग काढलेला होता. मग बॅटरी तशीच ठेवून दिली. आठ दिवसांनी नववा गट ४.१४. सेल निर्दोष. मग प्लग परत लावला आणि आणखी आठ दिवस थांबलो. नववा गट ४.०६, बाकीचे जिथल्या तिथे. प्लग लावला की गळती, काढला की बंद. कुंपणच शेत खात होतं.

हिशेबही जुळला. रोज जे गळत होतं ते सुमारे पाच मिलिअँपिअर निघालं, म्हणजे दिवसाला ०.१२ अँपिअर-तास. ऐकायला काहीच नाही. पण पावसाळ्यात काकांची सायकल तळमजल्याच्या ओलसर पार्किंगमध्ये महिना-सव्वा महिना उभी होती. तेवढ्या दिवसांत नवव्या गटातून जवळपास चार अँपिअर-तास गेले, त्याच्या टाकीचा दोन पंचमांश. बीएमएसची गट समान ठेवण्याची युक्ती पुढे हे भरून का काढू शकली नाही? कारण बाकीचे बारा गट ५० मिलिअँपिअरने चार अँपिअर-तास खाली आणायला ८० तास लागतात, आणि काका हिरवा दिवा लागल्याबरोबर चार्जर काढत होते. वीज वाचवायची सवय, त्यात त्यांची काय चूक.

पट्टी सोडवून भिंगाखाली धरली तेव्हा आठव्या आणि नवव्या वायरीच्या पिनांमध्ये पांढरट-हिरवी बुरशीसारखी रेघ दिसली. बुरशी नव्हे, तांब्याचा गंज. डब्याच्या झाकणाचं रबर एका कोपऱ्यात दबलेलं होतं, तिथून पाणी वायरीवरून ओघळत थेट प्लगवर आलं होतं. पिनांमधलं अंतर अडीच मिलिमीटर. तेवढी ओलसर रेघ पाच मिलिअँपिअर वाहून न्यायला पुष्कळ झाली. कोकणातल्या एखाद्या गावात, खाऱ्या हवेत, हेच याहून लवकर झालं असतं.

म्हणजे गॅरेजमधला मुलगा चुकला नव्हता, बीएमएस खरंच बिघडला होता. पण त्याचा उपाय भयंकर होता. ‘डायरेक्ट करणे’ म्हणजे बी मायनस आणि पी मायनस एका जाड वायरीने जोडून बीएमएसला वगळणं. सायकल त्या दिवशी चढ चढून गेली असती, काका खूश झाले असते. नवव्या गटाला मात्र बाकीच्या बारांनी ओढत शून्यापर्यंत, कदाचित उलट्या दिशेला नेलं असतं. त्यानंतर चार्जर लावला असता तेव्हा बेरीज ५४.६ करण्यासाठी त्या बारा गटांवर प्रत्येकी साडेचार व्होल्टपर्यंत चढण्याची वेळ आली असती, आणि त्यांना थांबवणारं कोणी नसतं. ते चार्जिंग रात्री घरात, दाराजवळ, सगळे झोपलेले असताना चाललं असतं. न्यूयॉर्क शहरात २०२३ मध्ये लिथियम-आयन बॅटरीच्या आगींत १८ माणसं गेली, त्यातल्या बऱ्याच बॅटऱ्या इलेक्ट्रिक सायकली-स्कूटरच्या. आपल्याकडेही २०२२ च्या मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभ्या ई-स्कूटरने पेट घेतल्याची दृश्यं सगळ्यांनी पाहिली. त्यानंतर ‘एआयएस १५६’ हे मानक कडक झालं, १ डिसेंबर २०२२ पासून एक टप्पा आणि ३१ मार्च २०२३ पासून दुसरा. पण हे नोंदणी होणाऱ्या गाड्यांसाठी. ताशी २५ किलोमीटर वेगाच्या आणि २५० वॉटच्या आतल्या सायकलीला आपल्याकडे नोंदणी लागत नाही, आणि जुन्या सायकलीला किट बसवून घेणाऱ्याची बॅटरी कोणी तपासत नाही. तिथे राखण करायला फक्त ही तळहाताएवढी पट्टी असते. ती वगळून देणाऱ्याला आपण काय करतोय हे माहीत नसेल तर कोणीतरी सांगायला हवं, आणि माहीत असेल तर त्याने हे काम सोडायला हवं.

मला सर्वांत जास्त भीती वाटते ती मात्र बंद न पडणाऱ्या बॅटरीची. मॉस्फेट जळतात तेव्हा बहुतेक वेळा आतून चिकटतात, म्हणजे स्विच कायमचा चालू राहतो. बीएमएस तोडायचा हुकूम देतो, पण दार बंद होत नाही. सायकल छान चालते, उलट पूर्वीपेक्षा जरा जास्तच पल्ला देते, आणि मालक समाधानी असतो. हे बघण्यासाठी बीएमएस बॅटरीपासून पूर्ण सोडवून बी मायनस आणि पी मायनस यांच्यातला रोध मोजावा. चार्ज-डिस्चार्जला एकच वाट असलेल्या बीएमएसमध्ये तो दोन्ही बाजूंनी खूप जास्त यायला हवा. मीटर शून्याजवळ जाऊन वाजला तर पट्टी टाकून द्यावी.

बाकीचे बिघाड थोडक्यात सांगता येतात. एखादी बारीक वायर सांध्यापाशी तुटली, तर बीएमएसला एक गट शून्य आणि शेजारचा दुप्पट दिसू शकतो आणि तो काहीच चालू करत नाही. अशा वेळी माप प्लगवर आणि निकेलच्या पट्टीवर, दोन्हीकडे घ्यावं, फरक लगेच दिसतो. सेलमध्ये खोचलेला तापमानाचा सेन्सर २५ अंशांना साधारण १० हजार ओहम दाखवतो आणि उन्हाळ्याच्या दुपारी सहा-सात हजार. तो तुटला की बीएमएसला कडाक्याची थंडी वाटते आणि चार्जिंग बंद राहतं, कारण शून्य अंशाखाली लिथियम सेल चार्ज करायचा नसतो. पुण्यात मे महिन्यात बॅटरी ‘थंडीमुळे’ चार्ज होत नाही, हे मी एकदा पाहिलेलं आहे. आणि ब्लूटूथवाला बीएमएस असेल तर मोबाइलवरच तेरा आकडे आणि तोडण्याचं कारण दिसतं. तरीही मी एकदा मीटरने पडताळतो, कारण पट्टीच बिघडली असेल तर तिचे आकडेही तिचेच.

काकांसाठी नवा बीएमएस घेताना तीन गोष्टी पाहिल्या. तेरा गटांचाच, सेलच्या रसायनाला जुळणारा आणि मोटरच्या मानाने पुरेशा अँपिअरचा. रसायन महत्त्वाचं, कारण बाजारात लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्याही आहेत आणि त्यांचा सेल ३.६५ व्होल्टलाच भरतो. त्यांना आपला ४.२५ वाला राखणदार बसवला तर तो वेळेवर जागाच होणार नाही. नव्या पट्टीचा पांढरा प्लग जुन्यात चपखल बसला, पण बसतो म्हणून लावायचा नसतो. वायरींचा क्रम प्रत्येक कारखान्याचा वेगळा असू शकतो. बी मायनसवर काळं टोक ठेवून प्लगच्या पिना ओळीने मोजल्या: ३.९, ७.८, ११.७, असं चढत शेवटी पूर्ण बेरीज आली पाहिजे. दोन वायरींची अदलाबदल असेल तर तिथे आकडा उडी मारतो. काढताना आधी पांढरा प्लग आणि शेवटी बी मायनसची जाड वायर, बसवताना आधी बी मायनस आणि मग प्लग. उलटं केलं तर पूर्ण प्रवाहाला त्या केसाएवढ्या वायरींतून वाट सापडू शकते आणि नवी पट्टी पहिल्याच मिनिटाला जाते.

तेराही गट एकसारखे भरून मगच डबा बंद केला. झाकणाचं रबर नवं घातलं, आणि वायर आत येते तिथे तिला खालच्या बाजूला एक वळसा दिला, म्हणजे पाणी वळशाच्या टोकावरून ठिबकेल, आत शिरणार नाही.

काका आता रविवारी सकाळी चार्जर लावतात, हिरवा दिवा लागल्यावर आणखी दोन तास तो काढत नाहीत, आणि तेवढा वेळ पेपर घेऊन शेजारीच बसतात. महिन्याभराने मी मापं घेतली तेव्हा सगळ्यांत खालचा गट ४.१७ आणि सगळ्यांत वरचा ४.१९ निघाला. काकांनी चष्मा लावून टेपवरचा प्रत्येक आकडा वाचला आणि म्हणाले, “अरे, खाली तारीख घाल की. पुढच्या महिन्यात ताडून बघू.”